थांबण्याची खूण

महिन्याच्या एक तारखेला
गुरू जुहदींच्या हातावर पाकीट ठेवलं
की माझं काम संपायचं.
मुलांना अल्लाह त्यांनी शिकवायचा,
मी होडी चालवायची
मार्तापुरा नदीत, पहाटे:
नारळ, भोपळे, कधी एखादी नवरी.
वाटणी चोख होती.

मग मशिदीच्या दाराला नायलॉनची दोरी आली,
वर्गाच्या खिडकीला फळी,
आणि ती सगळी शिकवणी
सरळ आमच्या दीड खोलीत येऊन बसली,
जिथं भरतीचं पाणी
फळ्यांखालून सगळं ऐकत असतं.

फोन एक. काच तडकलेली.
सकाळी तो नोरहिक्माचा, गणितासाठी.
दुपारी मस्नियाचा,
तळलेल्या केळ्यांची गिऱ्हाइकं त्यातच.
उन्हं कलली की धाकट्या सुप्यानचा.
रेंज धरायला धक्क्याच्या टोकाला बसतो,
पाय पाण्यात सोडून.
गुरूंचा आवाज येतो: म्हण.
हा म्हणतो.
घशाच्या तळातून काढायचं ते अक्षर
फोनमधून बेडकासारखं येतं.
वळून मला विचारतो, अबा, बरोबर?
मी दोर वळत असतो.
दोर वळतच राहतो.

रमजान आला आणि मी उघडा पडलो.
घरात इमाम मीच.
वीस रकाती, आणि येतात मला
रोजच्या त्या एकीखेरीज तीन सूरा,
त्याही सगळ्यांत आखूड.
तीन सदऱ्यांवर महिना काढावा तसं:
आज हा, उद्या तो, परवा पुन्हा हाच.
चौथ्या रात्री मागे खुसखुस.
सातव्या रात्री सुप्यान म्हणाला,
अल्लाहला कंटाळा येत असेल.
मस्नियानं त्याला चिमटा काढला,
पण अंधारात तीही हसली. मला ऐकू आलं.

प्रश्न तर संपेचनात.
रांगेत फट ठेवली की सैतान शिरतो ना?
मग फोटोतली माणसं
नमाजाला अशी लांब लांब का उभी?
आणि खोटं बोलू नये, तर
डिझेलवाला आला तेव्हा
अबा घरी नाहीत असं
मला का सांगायला लावलं?
पहिला प्रश्न मी नोरहिक्मावर ढकलला.
दुसरा ढकलायला घरात कुणी नव्हतं.
दुसऱ्या दिवशी डिझेलवाल्याकडे
वल्हवत गेलो, इंजिन न लावता.
पैसे नाहीत, म्हणालो. परवा मी घरीच होतो.
त्यानं शिव्या दिल्या. मग चहा दिला.
घरी येऊन हे सांगितलं नाही कुणाला.
सांगायला हवं होतं बहुतेक.

ईदच्या अलीकडे
गुरूंच्या आवाजात खोकला आला.
आयत, खोकला, आयत.
सुप्यान प्रामाणिक पोर,
ऐकेल तेच म्हणणार.
आयत, खोकला, आयत,
हुबेहूब, कोरडा, दोनदा.
पोट धरधरून हसलो आम्ही.

गुरुवारी फोन वाजला नाही.
शनिवारी त्यांना पाण्यावरून नेलं,
प्लास्टिकचे झगे घातलेले चौघे.
होडी माझी नव्हती.
मला विचारलं असतं तर गेलो असतो का,
ठाऊक नाही.
पाकीट अजून ताकात आहे,
त्या एक तारखेचं.

पोर तिथं आल्यावर खोकतंच.
मस्निया म्हणते, सांगा त्याला,
असल्या पाठात भेसळ नको.
खरंय तिचं.
मी तोंड उघडतो. मिटतो.
शेवटी नोरहिक्मानं पान काढलं,
ओळीवरचं बारीक अक्षर बोटानं दाखवलं:
ही थांबण्याची खूण, बघ.
खोकू नकोस. थांब.

आता मगरिबला तो पुढे,
नऊ वर्षांचा इमाम,
लुंगी छातीपर्यंत वर बांधलेली.
मी मागे.
चौथी सूरा त्याच्याकडून ऐकतोय, हळूहळू.
त्या जागी पोचला की थांबतो
एका खोकल्याइतका.
दोन.
खाली पाणी फळीला लागतं.
मग पुढची आयत.